जगनची शाबासकी

दत्तजयंतीच्या सप्ताहाची तारीख पक्की करायला जगनने पुसेगावच्या तातेराव महाराजांना फोन लावला. रामकृष्णहरी झालं, आणि महाराजांनी पहिलंच विचारलं ते हे: "हरिचंदचा हात कसा आहे आता?"

"हात बरा हाय म्हाराज. ताकद बी आली. पण वाजवणं न्हाई जमत."

"अरेरे! काय हात होता..."

जगन घसा खाकरून म्हणाला, "काल्याच्या कीर्तनाला मी हाय ना म्हाराज. पाच महिने झाले, मीच मृदंग वाजवून राहिलो."

"हो हो, तू आहेसच की."

तू आहेसच की. घरात केरसुणी असतेच की, तसं. जगनने फोन खिशात टाकला आणि बराच वेळ लिंबाच्या बुडाला बसून राहिला.

आता जगन काही वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवलं पाहिजे. वारंगा फाट्यापासून चार किलोमीटर आत त्याचा तांडा. घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलायची आणि देवळात मराठी गायचं, असं तिथलं चालत आलेलं. कीर्तनात महाराजांनी नुसतं 'विठ्ठल' म्हटलं तरी जगनच्या डोळ्यांना पाणी यायचं, आणि ते पाणी खरं असायचं. पण त्याच कीर्तनात, त्याच पाण्याआडून, त्याचा कान हरिचंदच्या हाताकडे लागलेला असायचा. देवाचं नाव एका कानात आणि हरिचंदची थाप दुसऱ्या कानात. एकतीस वर्षं हेच.

दोघेही सोमलाबाबांचे शिष्य. एकाच झाडाखाली, एकाच मृदंगावर शिकले. बाबा थकले तेव्हा त्यांनी मृदंग हरिचंदच्या गळ्यात अडकवला आणि जगनच्या हातात टाळ दिले. "तू याला सांभाळ," म्हणाले. जगनने सांभाळलं. हरिचंदच्या मागे दोन पावलं उभं राहून एकतीस वर्षं ठेका सांभाळला. महाराज मंडळी रंगात येऊन मान डोलवायची ती हरिचंदकडे बघून, फेटा बांधायची तो हरिचंदला. जगनच्या वाट्याला नारळ.

आषाढात हळदीच्या रानात तण काढता काढता हरिचंद बसला तो उठेना. तोंड वाकडं, उजवा हात मेल्यासारखा. संतोषने, म्हणजे त्याच्या पोराने, जीपमध्ये घालून नांदेड गाठलं. मेंदूचा झटका. वीस दिवसांनी हरिचंद घरी आला. दोन महिन्यांत तोंड सरळ झालं, हातात जोर आला, खताचं पोतं उचलून गाड्यात टाकू लागला. बोलणं तेवढं तुटक राहिलं. तांड्याने देवाला नारळ फोडले.

आणि मग कळलं की हातात जोर आहे, पण हाताला काम येत नाही.

जगन रोज सकाळी बघायला जायचा. समाचाराला जातो, असं बायकोला सांगायचा. एकदा गेला तर ओसरीवर बेबीबाई नवऱ्यापुढे उभी होती आणि हरिचंदच्या हातात फणी होती.

"डोक्याला लावा हो! डोक्याला! फणी हाय ती!"

"फणी," हरिचंद म्हणाला. नाव बरोबर. फणी त्याने उलटीसुलटी करून पाहिली, गालावरून वस्तऱ्यासारखी फिरवली, मग दातांत धरली आणि घाबऱ्या नजरेने बायकोकडे बघितलं. चुकलं, हे त्याला कळत होतं. काय चुकलं, ते कळत नव्हतं.

"तोंडात न्हाई, केसात! असं, असं, वरून खाली! भावजी, तुमी तरी सांगा यांना!"

"हरीभाऊ, डोक्यावर न्या हात," जगन म्हणाला. हात कपाळापर्यंत गेला, तिथे वळला आणि नुसताच हवेत थांबला.

चहा आला. हरिचंदने बशी उचलून कपात ओतायला घेतली. चमचा दांड्याकडून बुडवला. पायातली चप्पल काढ म्हटलं तर हातात घालून बसला. नांदेडच्या डॉक्टरांनी संतोषला समजावून सांगितलं होतं: हात चांगला, नजर चांगली, वस्तू ओळखूही येते, पण ती वापरायची कशी, हे डोक्यातून हाताकडे जायची वाट मोडली. हळूहळू थोडी येईल. तांड्याला हे काही पटत नव्हतं. लकवा म्हणजे हात लोंबकळला पाहिजे. लोंबकळत नाही तो कसला लकवा?

एवढं बघूनही जगनच्या पोटातली आग विझली का? नाही विझली. उलट आजारपणाचाही त्याला हेवा वाटू लागला. बाळापूरचं भजनी मंडळ जीप करून हरिचंदला बघायला आलं, सफरचंदं घेऊन. कोणकोणते महाराज फोन करायचे. मागच्या साली जगन टायफॉईडने महिनाभर पडला होता, तेव्हा त्याची लेक निलम आली होती सासरहून, बाकी चिटपाखरू नाही. आणि आता मृदंग गळ्यात घालून तो घाम गाळून वाजवायचा, तर उतरताना लोक म्हणायचे, "छान झालं जगनकाका. पण हरीकाकांची सर न्हाई."

फाट्यावरच्या पानटपरीवर एकदा हरिचंदचा विषय निघाला, तेव्हा जगन चुना मळता मळता एवढंच म्हणाला, "पोतं उचलता येतं अन् थाप मारता येत न्हाई. काय की बुवा."

फक्त 'काय की बुवा' म्हणाला. संध्याकाळपर्यंत ते वाक्य तांड्यावर पोचलं तेव्हा त्याचं झालं होतं, "हरिचंद ढोंग करून राहिला."

संतोष तापला. दुसऱ्या दिवशी त्याने दहा माणसं ओसरीवर जमवली, बापापुढे मृदंग आणून ठेवला, बाजूला ताटलीत भिजवलेली कणीक ठेवली. मृदंगाच्या डाव्या अंगाला, धुमेला, कणकेचा गोळा थापल्याशिवाय आवाज घुमत नाही. वाजवणाऱ्याचं पहिलं काम तेच. "बा, लावा कणीक," संतोष म्हणाला. "दाखवा यांना."

हरिचंदने कणीक उचलली. बोटांनी मळली. मृदंगाकडे बघितलं, गोळ्याकडे बघितलं. आणि त्याने गोळ्याचा तुकडा तोडला आणि खाल्ला.

कोणीतरी फिस्सकन हसलं. सुनेने, पुजाने, पदर तोंडावर घेतला. बेबीबाई तेवढी शांतपणे म्हणाली, "सकाळपासनं काई खाल्लं न्हाई त्यांनी. भूक लागली असंल."

घरी जाताना जगनच्या छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. ढोंग नाही. मृदंग आता खरोखरच आपला. चार पावलं गेल्यावर त्याला आपल्या ह्या हलकेपणाची लाज वाटली, पण धोंडा परत छातीवर ठेवून घ्यावा असं काही वाटलं नाही.

सप्ताह बसला. सेवालाल महाराजांच्या देवळापुढे मंडप, ज्ञानेश्वरीचं पारायण, दिवस मावळताना हरिपाठ. सातव्या दिवशी हरिपाठाला संतोषने बापाला आणून खांबाला टेकवून बसवलं. टाळकरी दोन रांगांत उभे, मध्ये जगन मृदंग वाजवतोय. लय चढली, पावली सुरू झाली, लोक डोळे मिटून गाऊ लागले. जगनचे डोळे मात्र उघडे, आणि ते सवयीने हरिचंदकडे गेले.

हरिचंदचे डोळे मिटलेले होते. आणि त्याचे हात गुडघ्यांवर वाजत होते.

नुसती बोटं हलत नव्हती. डावा तळवा धुमेच्या जागी बसत होता, उजव्या हाताची बोटं उजव्या पुडीच्या काळ्या शाईवर पडावी तशी पडत होती. ठेका बरोबर. आणि फेरा संपता संपता एक लग्गी, जलद बोलांची लड, आली, ती सोमलाबाबांनी फक्त हरिचंदला दिली होती. जगनने ती चोरून शिकायचा एकतीस वर्षं प्रयत्न केला होता, ती त्याला कधी साधली नव्हती. तीच लग्गी, धोतराच्या सुरकुत्यांवर, आवाजाविना. एवढ्या गर्दीत ती ओळखेल असा माणूस एकच होता, आणि त्याच्या हातातला ठेका त्या क्षणाला चुकला.

आरती झाली. लोक पाया पडायला पुढे सरकले. जगन खांबापाशी गेला, खाली बसला.

"हरीभाऊ, आत्ता गुडघ्यावर वाजवून राहिले व्हते ना? वाजवा बरं तसंच."

हरिचंदने गुडघ्याकडे बघितलं. हात उचलला, पालथा केला, उताणा केला. बोटं एकमेकांत अडकवली. मग हात मांडीखाली दडवून कसंनुसं हसला. "जगन्या... न्हाई."

जगन तिथेच बसून राहिला. त्याला समजलं. मृदंग वाजवणाऱ्यालाच समजेल असं ते होतं: वाजवताना 'आता कुठलं बोट' असं मनात आलं की जमलेला हातसुद्धा अडखळतो. हरिचंदच्या बाबतीत तेवढंच झालं होतं, पण पुरतं झालं होतं. सांगितलं की हात विसरतो. कोणी सांगितलं नाही, तर हात आपला आपण जातो. आणि गेले पाच महिने बेबीबाई, संतोष, तांडा, सगळे मिळून त्याला दिवसभर सांगतच होते. डोक्याला लावा. दांडा धरा. कणीक लावा.

हे त्यांना सांगायला किती वेळ लागला असता? पाणी पिण्याइतका. बेबीबाई समोरच चपला शोधत होती.

जगन उठला, टाळांची पिशवी गोळा केली आणि घरी गेला.

काल्याचा दिवस उजाडला. मंडपाबाहेर दह्याची हंडी टांगलेली, बायकापोरांनी मंडप भरलेला. तातेराव महाराज दहाला उभे राहिले. महाराजांचा गळा त्या दिवशी असा लागला होता की ऐकणाऱ्याने जन्माला आल्याबद्दल देवाचे आभार मानावेत. बाळकृष्ण गाई घेऊन रानात निघालेला, सवंगडी आपापली शिदोरी सोडतायत, कोणाची ताजी, कोणाची शिळी, आणि देव सगळ्यांची एकत्र कालवतोय. जगनही वाजवता वाजवता विरघळला. आपला हात आज बरा पडतोय, असं त्याला वाटलं. महाराजांनी एकदा वळून मान डोलावली. जगनला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

आणि मग महाराजांची नजर पुढच्या रांगेत गेली.

"माझा हरिचंद बसलाय तिथं," महाराज म्हणाले. "वाजवू नका वाजवू नका, काही वाजवायचं नाही त्यानं. नुसता त्याच्या मांडीवर मृदंग ठेवा. त्याची शिदोरी त्याच्यापाशी राहू द्या थोडा वेळ. जगन, दे बाळा."

जगनने गळ्यातून मृदंग काढला. सतरंजीवर हरिचंदच्या मांडीवर ठेवला. कणीक लावलेलीच होती. महाराजांनी चाल धरली, टाळकऱ्यांनी उचलली, मंडप गाऊ लागला. कोणी हरिचंदला काही म्हणालं नाही, कारण महाराजच म्हणाले होते की काही वाजवायचं नाही.

दोन फेरे गेले. तिसऱ्या फेऱ्याला धुमेचा आवाज आला.

आधी डावा. मग उजवा. हरिचंद मान खाली घालून, कुठेतरी लांब बघत असल्यासारखा वाजवत होता. हात जुन्यासारखा नव्हता, जड होता, एखादी थाप मागे पडत होती, पण ठेका होता. महाराजांचा आवाज फुटला, ते गाता गाता रडू लागले. सगळा मंडप हरिचंदकडे वळला आणि महाराजांची पाठ जगनकडे झाली.

जगन रिकाम्या हातांनी उभा होता. आत्ता, अर्ध्या तासापूर्वी, महाराजांनी आपल्याकडे बघून मान डोलावली होती. एकदा. आणि ह्याला पाच महिने फणी धरता येत नाही, तरी परत हाच. त्याच्या छातीत असं काही पेटलं की मंडप दिसेना. पुढचं तो विचार न करता बोलला, असं त्याला नंतर म्हणता आलं असतं. पण ते खरं नव्हतं. शब्द त्याने निवडून घेतले.

"वा हरीभाऊ! शाबास!" जगन मोठ्याने म्हणाला. "आता बाबांची लग्गी वाजवा! उजव्या हातानं! वाजवा!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. "वाजवा हरीकाका!" चहूकडून आवाज झाला.

हरिचंदचे हात थांबले. त्याने उजवा हात डोळ्यांपुढे धरून पाहिला. मृदंगाची चामड्याची वादी ओढली, सोडली. मृदंग मांडीवरच फिरवला, उभा केला, जात्यासारखा धरला. तोंडाने "लग्गी... लग्गी..." म्हणू लागला. कोणीतरी पुढे सरसावून त्याचा हात धरून शाईवर आपटला. कसलासा आवाज झाला. हरिचंद घाबरून मागे सरकला आणि मृदंग सतरंजीवर कलंडला.

महाराजांनी डोळे पुसले आणि खुणेने जगनला मृदंग घ्यायला सांगितलं. जगनने घेतला, आणि आयुष्यात वाजवला नव्हता असा वाजवला. हंडी फुटेपर्यंत वाजवला. खाली उतरल्यावर महाराजांनी त्याला पोटाशी धरलं. "जगन, आपल्या जागेवर बसलेल्याला शाबासकी द्यायला फार मोठं मन लागतं रे बाबा."

विंचू चावल्यावर माणूस निदान ओरडतो तरी. जगनला तेही करता येईना.

पंगती बसल्या. पत्रावळीवर भात, वरण, भाजी, पोळी. हरिचंद एका कडेला बसला होता आणि त्याच्याभोवती सात-आठ जण उभे होते. मंडपात जे बघितलं तेच तांड्याने उचललं होतं. हरीकाकाला जोर द्यायचा, म्हणजे वाजवतो तसं जेवेलसुद्धा!

"घास उचला हरीकाका! शाबास!"

"बोटं जुळवा, बोटं! अस्सं!"

"मोठ्यानं सांग रे, ऐकू गेलं न्हाई त्यांना!"

हरिचंदने पोळीची घडी वरणात बुडवली, ती डोक्याला लावली, मग द्रोण पालथा केला. बेबीबाई बाजूला बसून सगळ्यांपेक्षा मोठ्याने सांगत होती, "तोंडात घाला, तोंडात!" वरण कपाळावरून ओघळत होतं. हरिचंद रडू लागला. आवाज नाही, नुसतं पाणी. तरी लोक शाबास म्हणतच होते, अगदी मायेने म्हणत होते.

जगन पत्रावळीवरून उठला.

"सरका," तो म्हणाला. "सरका सगळे. आपापल्या पानावर जावा. काई सर्कस हाय का?"

माणसं पांगली. जगन बेबीबाईजवळ उकिडवा बसला. आवाज इतका खाली आणला की तिला वाकावं लागलं.

"वहिनी, यांना तोंडानं सांगू नका. सांगितलं का हात इसरतो. पुढ्यात एकच वस्तू ठिवा अन् गप बसा. हात आपला आपण जातो."

"तुमाला कसं ठावं?"

"हरिपाठाला पाह्यलं. गुडघ्यावर वाजवून राहिले व्हते. मी जाऊन म्हणलं, वाजवा, अन् हात थांबला."

बेबीबाई पदराने नवऱ्याचं कपाळ पुसत होती. ती पुसायची थांबली. "हरिपाठ तर काल झाला."

"व्हय."

"अन् आज मंडपात तुमी वरडून म्हणले, लग्गी वाजवा."

"व्हय."

"ठावं असून?"

जगनला वाटलं, खोटं बोलावं. एक शब्द पुरला असता. समोर देऊळ होतं, पण देवळाची त्याला तेवढी भीती वाटली नाही, जेवढी या बाईच्या हातातल्या ओल्या पदराची वाटली.

"ठावं व्हतं म्हणूनच म्हणलं, वहिनी."

बेबीबाईने त्याच्याकडे बघितलं. शिवी देईल, थोबाडीत मारेल, सगळ्यांना ओरडून सांगेल, असं जगनला वाटलं. तिने सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण ती लोकांकडे वळली नाही.

"पाच महिने," ती म्हणाली. "पाच महिने मी त्यांच्या कानापाशी वरडून राहिले. घसा बसला माझा. अन् तुमी काल घरी जाऊन झोपले." मग तिने पत्रावळीवरचा पसारा उचलला, द्रोण काढला, भाजी बाजूला सारली. नुसता भात ठेवला, त्यावर वरण. "बसा इथं. अन् आता तोंड उघडू नका."

जगन बसला. बेबीबाईने स्वतःच्या तोंडात पदराचा बोळा धरला, कारण सवयीचं तोंड गप्प राहणार नाही, हे तिला माहीत होतं. पंगतीचा गलका चालू होता. हरिचंद आधी बायकोकडे बघत राहिला, ती काही सांगेल म्हणून. ती काही सांगेना. त्याची नजर हळूहळू पुढच्या पंगतीवर गेली, वाढप्यांवर गेली, कुत्र्याला हाकलणाऱ्या पोरींवर गेली. आणि तिकडे बघता बघता त्याचा हात भाताकडे गेला, वरण कालवलं, घास वळला आणि तोंडात घातला. मग दुसरा.

बेबीबाईचे खांदे हलत होते. तिला मोठ्याने रडायचीही सोय नव्हती.

आठ-दहा घास झाल्यावर ती पदर काढून पुटपुटली, नवऱ्याकडे न बघता: "उद्यापासनं रोज हरिपाठाच्या वक्ताला मृदंग घेऊन घरी यायचं भावजी. त्यांच्या पुढ्यात ठिवायचा. टाळ तुमी धरायचे. सांगायचं न्हाई, शाबास म्हणायचं न्हाई. पाच महिने बसावं लागलं, तर पाच महिने."

जगनला त्याचा अर्थ बरोबर कळला. हरिचंदचा हात मृदंगावर परतला, तर पुढच्या काल्याला आपण परत दोन पावलं मागे. छातीतली जळजळ होती तिथेच होती. काल्याचं कीर्तन ऐकून ती गेली नव्हती आणि खरं बोलूनही गेली नव्हती. हरिचंदचा प्रत्येक घास नीट तोंडात जाताना तो बघत होता, आणि त्याचाही थोडा हेवा वाटत होता, इतकं ते जुनं दुखणं होतं.

त्याने मान हलवली. येतो.

संतोष बुंदीची बादली घेऊन पंगतीतून आला. बापाचा हात भातात चाललेला बघून तो जागच्या जागी थबकला. मग त्याचे डोळे जगनकडे वळले आणि भरून आले.

"जगनकाका, टपरीवरच्या बोलण्याचा मी लई राग धरला व्हता तुमचा. पण आज मंडपात तुमी जे केलं ना, ते सख्खा भाऊ बी करणार न्हाई. घ्या, बुंदी घ्या. बोला, किती वाढू?"

जगनने बेबीबाईकडे बघितलं. ती भाताकडे बघत होती.

त्याने तोंड उघडलं नाही. हाताने 'नको' म्हणाला आणि उठला नाही.